लॅबमधलं संशोधन आणि एमबीएची पोरं: खान्देशात या दोघांची गाठ घालून द्यायची कुणी?

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. विषय मोठा आहे, वेळ काढून वाचा आणि मोकळं लिहा.

मी केमिस्ट्रीत बीएस्सी करून नंतर एमबीए केलं, आता शेती निविष्ठांच्या विक्रीत आहे, जळगाव धुळे नंदुरबार तिन्ही जिल्हे फिरणं होतं. आपल्याकडे बांभोरीला विद्यापीठ १९९० पासून आहे, केमिकल टेक्नॉलॉजी, लाइफ सायन्सेस आणि मॅनेजमेंट एकाच आवारात. शिरपूरला फार्मसी आहे, जळगावला केळी संशोधन केंद्र आहे, धुळ्याला कृषी महाविद्यालय. म्हणजे माणसं आहेत. पण फिरताना जे दिसतं ते असं की पीएचडी करणारा पाच वर्षं एका पदार्थावर घासतो आणि तो पदार्थ कोण विकत घेईल हे त्याला कुणी विचारतच नाही, आणि दुसऱ्या बाजूला एमबीएचं पोरगं शेवटच्या सेमिस्टरला टू-व्हीलर शोरूमच्या ग्राहकांचा सर्व्हे करून ऐंशी पानांचा रिपोर्ट बाइंडिंगला टाकतं, तो नंतर कुणी उघडत नाही. दोघांचेही महिने गेले ना हे?

माझं म्हणणं एकच आहे. एमबीएच्या पोराला शेवटी, सगळं तयार झाल्यावर, "आता हे विक" म्हणून बोलावू नका. सुरुवातीला बोलवा. संशोधकाच्या हातात अजून दिशा बदलायची सोय असते तेव्हा.

केळीचंच घ्या. घड कापला की त्या झाडाचं काम संपलं, खोड तोडून बांधावर टाकायचं. हेक्टरी ६० ते ८० टन खोड निघतं. आपल्या नवापूरच्या पलीकडे नवसारी कृषी विद्यापीठ आहे, त्यांनी या खोडावर खूप काम केलं, खोडाचा धागा, गाभ्याची कँडी, आणि रसापासून 'नोवेल' नावाचं द्रवरूप सेंद्रिय खत, त्याचं पेटंट घेऊन तंत्रज्ञान कंपन्यांना परवान्यावर दिलं. छान काम आहे. आता आपल्या रावेर यावलला कुणी म्हटलं की चला धाग्याचा कारखाना टाकू तर पहिला हिशेब काय येतो बघा, खोडात ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं आणि धागा वजनाच्या एक-दीड टक्का. म्हणजे १ टन खोड ट्रॉलीत घालून कारखान्यावर आणलं तर हातात १०-१५ किलो धागा, बाकी भाडं आपण पाण्याचं भरलं. मग मशीनच बांधावर न्यावं लागेल, किंवा रसाचेही पैसे झाले तरच जमेल. यात केमिस्ट्री काहीच नाही, साधा व्यवहार आहे, पण हा हिशेब पहिल्या आठवड्यात कुणी करून दिला तर लॅबमधल्या माणसाला कळेल की धाग्याची ताकद अजून वाढवत बसण्यापेक्षा हलकं, ट्रॅक्टरवर चालणारं मशीन जास्त गरजेचं आहे. संशोधनाचा प्रश्नच बदलतो. मला हे महत्त्वाचं वाटतं.

एक संशोधक, एमबीएची दोन पोरं आणि त्या धंद्यातला एक जाणता माणूस अशी टोळी करावी, सहा महिने द्यावेत. काय वाटतं?

सातपुडा_लॅब

दादा विषय काढलात ते बरं केलं. मी मातीतल्या जिवाणूंवर पीएचडी करतेय, त्यामुळे आमच्या बाजूने सांगते.

पहिली गोष्ट, आमचं सगळं पेपरवर चालतं. मला डिग्रीला पेपर पाहिजे, सरांना प्रमोशनला पेपर पाहिजे, शेतकऱ्याला काय पाहिजे हा कॉलम कुठल्याच फॉर्ममध्ये नाही. दुसरी गोष्ट, मॅनेजमेंटवाले जेव्हा येतात तेव्हा पहिल्याच भेटीत मार्केट साइज किती, ब्रेक इव्हन कधी, म्हणजे घातलेला खर्च कधी निघेल, असं विचारतात आणि आमची गोष्ट अजून पेट्री डिशच्या बाहेर आलेली नसते. नासाने तंत्रज्ञान किती तयार आहे ते मोजायची ९ पायऱ्यांची पद्धत काढली, टीआरएल म्हणतात, विद्यापीठातलं बहुतेक काम तिसऱ्या चौथ्या पायरीवर असतं. कुंडीत जे जिवाणू मस्त काम करतात ते मे महिन्यात ४४ डिग्रीला दुकानाच्या गोडाऊनमधे बाटलीत जिवंत राहतील का हे मलाही अजून बघायचंय.

आणि तिसरी, जी कुणी बोलत नाही. भीती वाटते. पाच वर्षांचं काम अनोळखी माणसाला दाखवायचं आणि उद्या त्याने दुसऱ्याला सांगितलं तर?

गिरणाकाठ

ताई, ते बाटलीतल्या जिवाणूंचं तुम्ही जे लिहिलं ना, तेच मी रोज बघतो. कृषी केंद्रवाला मला पहिला प्रश्न हाच विचारतो, फ्रिजमध्ये ठेवायचं असेल तर नको म्हणतो. हे तुम्हाला पहिल्या वर्षी कळलं असतं तर तुम्ही द्रव स्वरूपाच्या ऐवजी पावडरवर काम धरलं असतं का? खरंच विचारतोय.

सातपुडा_लॅब

हो. बीजाणू करणाऱ्या जाती आधी निवडल्या असत्या, त्या उष्णता सहन करतात. वाईट वाटलं वाचून पण खरं आहे.

शिरपूर_फार्मा

भीतीवर उपाय आहे, फक्त क्रम पाळावा लागतो. मी पेटंटच्या कामात थोडाफार असतो म्हणून सविस्तर लिहितो, कंटाळू नका.

आपल्या कायद्यात गोष्ट एकदा जाहीर झाली की नवेपण गेलं. मान्यताप्राप्त प्रदर्शनात मांडली किंवा विद्वत्सभेत पेपर वाचला तर काही अटींवर १२ महिन्यांची सवलत आहे, पण जर्नलमध्ये पेपर आला की सहसा खेळ संपला. आणि पेपरपुरतंच नाही, पीएचडीचा प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन संग्रहावर चढतो, तो जगाला उघडा, तेही प्रसिद्ध होणंच झालं. त्यामुळे आधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाकायचा. शिक्षणसंस्थांना २०२१ पासून फीमध्ये ८० टक्के सवलत मिळाली, ऑनलाइन प्रोव्हिजनलची सरकारी फी १६०० रुपये पडते. (एजंटची फी वेगळी, ती जास्त असते, तिथेच लोक अडतात.) त्यानंतर पूर्ण तपशिलाचा अर्ज टाकायला १२ महिने मिळतात.

आता माझा मुद्दा. ते १२ महिने आपल्याकडे नुसते वाट बघण्यात जातात. हेच महिने एमबीएच्या पोरांना द्या. तारीख तुमच्या नावावर पडलेली असते, पेपर थोडा थांबवलेला असतो, पोरं गावोगाव दुकानोदुकानी फिरून विचारून येतात, आणि त्यांनी आणलेली माहिती बघून ठरवायचं की पूर्ण अर्जात कुठला वापर लिहायचा, की सोडूनच द्यायचं. सोडून देणं हाही चांगला निर्णय असतो, २० वर्षं चालणाऱ्या पेटंटचं नूतनीकरण फुकट होत नाही.

ताईंसाठी अजून दोन गोष्टी. निसर्गात जसा सापडला तसा जिवाणू पेटंट होत नाही, त्याचं टिकणारं मिश्रण किंवा बनवायची प्रक्रिया होऊ शकते. शेती करायची पद्धत, म्हणजे किती दिवसांनी किती ड्रेंचिंग (मुळाशी द्रावण ओतणं) वगैरे, कलम ३ मध्येच वगळलेली आहे. आणि सातपुड्याच्या मातीतला जिवाणू वापरला तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया पेटंट मंजूर व्हायच्या आधी करावी लागते, ती विसरू नका.

रावेरकर_आबा

पोरांनो वाचतोय सगळं. मी केळी लावणारा माणूस, कायद्याचं मला नका विचारू, पण तुम्ही ज्याच्याकडे विचारायला येणार तो मीच ना.

लोक येतात आमच्याकडे. फॉर्म घेऊन येतात, तुमचं वय किती, शिक्षण किती, समाधानी आहात का अत्यंत समाधानी आहात, टिक करा. फोटो काढतात आणि जातात, त्यांच्या त्या सर्व्हेचं पुढं काय झालं ते सांगायला कुणी परत आलेलं नाही. म्हणून आता गावात कुणी नीट उत्तर देत नाही, बरं वाटावं म्हणून काहीही सांगून देतात. तुम्ही फॉर्म आणू नका. कापणीच्या दिवशी या, गाडी भरेपर्यंत थांबा, मजुराशी बोला, खोड तोडून बाहेर काढायला काय लागतं ते डोळ्यांनी बघा.

आणि माझी अडचण विचाराल तर खोड नाही. माझी अडचण हरण्या. पावसाळ्यात ढगाळ हवा लागली की कोवळ्या बागेत पानावर पिवळे पट्टे, मग झाडं उपटून जाळा नाहीतर पुरा. तुमची शास्त्रीय मंडळी या विषाणूला सीएमव्ही म्हणतात. मावा पसरवतो हे आम्हाला माहितीये, काकडी भोपळा जवळ लावू नका हेही माहितीये. पण मी विकत आणलेलं रोप आत्ता रोगट आहे का हे लावायच्या आधी बांधावर कळलं पाहिजे, असं काही बनवा. त्याचे पैसे मी देईन.

एमबीए_धुळे

आबा नमस्कार. तुमचं वाचून लगेच विचारावंसं वाटलं, एका रोपामागे किती देणार? आणि सगळी रोपं तपासणार की थोडी?

रावेरकर_आबा

सगळी कशी तपासणार रे बाळा, हजारात असतात रोपं. गाडीतली थोडी उचलून तपासायची, निघालं तर गाडी परत पाठवायची.

गिरणाकाठ

आता बघा मंडळी, दोन ओळींत केवढं काम झालं. आबांच्या उत्तरात गिऱ्हाईकच बदललं. शेतकरी गाडी परत पाठवणार असेल तर नुकसान रोपवाल्याचं, मग तपासणीची खरी गरज रोपं तयार करणाऱ्या टिश्यू कल्चर लॅबला आणि ती रोपं बाहेरच्या हवेला सरावून देणाऱ्या, म्हणजे हार्डनिंग करणाऱ्या, नर्सरीला, गाडी निघायच्या आधी. ते वर्षभर तपासणीचं किट घेतील, आबा हंगामात एकदा. आणि किट नर्सरीत वापरायचं ठरलं तर तिथे शिकलेला माणूस असतो, छोटं यंत्र ठेवता येतं, मग बांधावर लगेच उत्तर देणारी तपासणीची पट्टीच पाहिजे असा हट्ट नाही. लॅबने शेतकऱ्यासाठी पट्टी बनवायची की नर्सरीसाठी यंत्र, हे दोन वेगळे संशोधनाचे रस्ते आहेत. अर्थात आबांसारख्यांनी आग्रह धरला तरच नर्सरीवाला खर्च करेल, म्हणून दोघांनाही भेटावं लागेल. आबा तुमचे आभार, मनापासून.

पुण्यातला_खान्देशी

मूळचा चोपड्याचा, नोकरी पुण्यात. तुम्ही जे म्हणताय ते बाहेर रीतसर चालतं. अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ मध्ये आय-कॉर्प्स नावाचा कार्यक्रम काढला, त्यात टोळी तिघांची, प्राध्यापक, धंद्याची जबाबदारी घेणारा विद्यार्थी आणि बाहेरचा अनुभवी मेंटॉर. सात आठवड्यांत १०० संभाव्य गिऱ्हाइकांना भेटायचं हा नियम, आणि भेटीत आपली वस्तू विकायची नाही, त्यांची अडचण ऐकायची. त्याच धर्तीवर आयआयटी मद्रासच्या गोपालकृष्णन देशपांडे सेंटरने आपल्या देशातल्या संशोधकांसाठी कार्यक्रम चालवले. पुण्यात एनसीएल या राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेच्या आवारात २००७ पासून संशोधनातून कंपन्या उभ्या करायला मदत करणारं व्हेंचर सेंटर आहे.

अजून जुनं उदाहरण स्टॅनफर्डचं. तिथे नील्स रायमर्स या माणसाने १९७० मध्ये परवाने देणारं ऑफिस उभं केलं आणि त्याचा भर पेटंटच्या कागदांपेक्षा वस्तू कुणाला लागेल ते शोधण्यावर होता. कोहेन आणि बॉयर यांचं जनुक जोडणीचं पेटंट त्यांनी साडेचारशेच्या वर कंपन्यांना परवान्यावर दिलं, २५ कोटी डॉलरच्या वर पैसे आले. आपल्याला एवढं नको, पण ऑफिसात बसून पेटंट विकलं जात नाही एवढं त्यातून घ्यावं.

पैशांचं पण सांगतो. नमुना बनवायला केंद्राच्या निधी-प्रयास योजनेतून १० लाखांपर्यंत मिळतात, जैवतंत्रज्ञान असेल तर केंद्राच्याच बायरॅक या संस्थेच्या बिग योजनेत ५० लाखांपर्यंत. अर्जात गिऱ्हाइकाची अडचण काय हे विचारतातच, आणि तिथे संशोधकाचं पान कोरं राहतं.

एमबीए_धुळे

सगळं पटतंय पण आमच्या बाजूने स्पष्ट विचारतो, राग मानू नका. मला दोन वर्षांत नोकरी पाहिजे, घरी कर्ज आहे. सहा महिने मी रावेरला आणि नर्सऱ्यांमध्ये फिरलो आणि शेवटी कळलं की हे चालत नाही, तर माझ्या हातात काय? मार्क मिळतील का? आणि चाललं तर माझा वाटा काय, का सरांचं नाव आणि माझे आभार?

शिरपूर_फार्मा

राग कसला, हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला पाहिजे. केंद्राचं २०१९ चं विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठीचं इनोव्हेशन आणि स्टार्टअप धोरण आहे. त्यात विद्यार्थ्याला प्रोजेक्टच्या जागी स्वतःचं स्टार्टअपचं काम करायची मुभा सुचवलीये, प्राध्यापकाला काही काळ रजा घेऊन कंपनीत काम करायची सोय सुचवलीये, आणि संस्थेने मदतीच्या बदल्यात साधारण २ ते ९.५ टक्के हिस्सा घ्यावा असंही आहे. संस्थेने ते स्वीकारून स्वतःचे नियम करायचे असतात, म्हणून तुमच्या कॉलेजने केलेत का ते आधी बघ. तुझा वाटा मात्र धोरण ठरवणार नाही, तो तुम्ही आपसात कागदावर लिहायचा, काम सुरू व्हायच्या आधी. शोधक म्हणून नाव ज्याने शोध लावला त्याचंच येतं, फिरून माहिती आणणाऱ्याचं पेटंटवर येत नाही, पण कंपनीत हिस्सा येऊ शकतो. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, इथे गोंधळ झाला की मैत्री जाते.

गिरणाकाठ

"चालत नाही" असं निघालं तरी मार्क मिळाले पाहिजेत, हे मी जोर देऊन सांगतो. नाहीतर पोरगं मार्कांसाठी सगळं छान छान लिहिणार, आणि संशोधक त्या खोट्या रिपोर्टवर अजून तीन वर्षं घालवणार. ज्याने साठ सत्तर माणसांशी बोलून, नावगाव तारखेसकट, हे का चालणार नाही ते नीट लिहून दिलं त्याने मोठं काम केलं. आणि नोकरीचं म्हणशील तर भाऊ, मुलाखतीत आलेला जो पोरगा मला सांगेल की नर्सरीवाला उधारी किती दिवसांची मागतो, त्याला मी आधी घेईन.

अमळनेर_बोरीकाठ

आपला खान्देशमा काय कमी शे? बठ्ठा सांगतस, पण करस कोन?

मराठीत लिहितो पुढचं. विप्रो १९४५ साली आमच्या अमळनेरला सुरू झाली, वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून. जळगावला भवरलाल जैन यांनी १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा जुना कारखाना घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली. जुना कारखाना तोच, वस्तू वेगळी. गिऱ्हाईक कुठे आहे ते बघून केलं म्हणून चाललं. ही माणसं व्यापारी होती, ज्ञान शोधत ती स्वतः गेली. आज एमआयडीसीतल्या व्यापाऱ्यालाही लॅबपर्यंत आणा, नुसतं पोरांना बाहेर पाठवून अर्धंच काम होईल.

डाळमिल_जळगाव

आणायची गरज नाही, मी स्वतःच आलो. मिल वडिलांपासून आहे.

तुम्ही सगळे केळीवर बोलताय, डाळीचं कुणी बोलेना. तुरीचं सालपट आणि डाळ यांच्यामध्ये चिकाचा थर असतो, तो सुटत नाही म्हणून आम्ही एमरी रोलरवर, म्हणजे खरबरीत रुळावर, दाण्याला ओरखडे पाडतो, तेल लावतो, पाणी मारून रात्रभर ढीग ठेवतो, मग उन्हात वाळवतो, परत रोलर. यात दिवस जातात. डाळ फुटून चुनी होते, ती जनावरांच्या खाद्यात जाते, भाव पडतो. रोज १०० क्विंटल तूर भरडणाऱ्याला १ टक्का उतारा वाढला तर रोज १ क्विंटल डाळ जास्त. एवढ्यासाठी मी कुणालाही चहा पाजायला तयार आहे.

एन्झाइम लावून तो थर सोडवायचं संशोधन झालंय हे मी वाचलंय. पण मला विचारायचंय ते कुणी सांगत नाही. किलोला खर्च किती, डाळीचा रंग बदलतो का, कारण रंग उतरला की व्यापारी भाव पाडतो, शिजायला वेळ वाढतो का, आणि माझा रोजचा मजूर ते हातमोजे न घालता हाताळू शकतो का. संशोधकाला उतारा दिसतो, मला रंगही बघावा लागतो. एकही लॅबवाला मला रंगाबद्दल विचारायला आलेला नाही.

सातपुडा_लॅब

काका, आमच्या शेजारच्या लॅबमध्ये एकजण याच प्रकारच्या एन्झाइमवर काम करतो, आणि तो फक्त सालपट किती टक्के सुटलं तेवढंच मोजतो. रंग मोजायचं यंत्र आमच्याकडे आहे, त्याला आजच सांगते. शिजण्याचा वेळही मोजता येईल. प्रोव्हिजनल टाकलाय का ते आधी विचारते, नसेल तर तो टाकल्यावर येऊ. आणि गुप्ततेच्या एका पानावर तुमची सही लागेल, चालेल ना?

डाळमिल_जळगाव

चालेल की. व्यापारात आम्हीही भाव सगळ्यांना सांगत नाही, तुमचं मला समजतं.

एमबीए_धुळे

मी येऊ का सोबत? माझ्या वर्गातली एक मैत्रीण पण तयार आहे, तिच्या मामांची नंदुरबारला मिरचीची वखार आहे, वाळवण तिने लहानपणापासून पाहिलंय. आमच्या मॅडमना प्रोजेक्टचा विषय बदलू देण्याबद्दल सोमवारी विचारतो. काका, एकट्या तुमच्या मिलवर ठरवणं बरोबर होणार नाही, अजून कुणाकुणाला भेटता येईल?

डाळमिल_जळगाव

आमच्या एमआयडीसीत मिली भरपूर आहेत. मोठ्याकडे ड्रायर आहे, छोटा अजून गच्चीवर वाळवतो, दोघांची अडचण वेगळी निघेल म्हणून दोन्हीकडे नेतो. दलालांनाही भेटा, रंगावरून भाव तेच पाडतात. फक्त आत्ता उन्हाळ्यात येऊ नका, ऊन भरपूर असतं आणि सगळं सुरळीत वाटतं. श्रावणात या. तेव्हा तूर कमी असते पण हरभरा चालू असतो, आणि पाऊस आला की वाळवणाचे काय हाल होतात ते बघायला मिळेल. येताना तुमच्या त्या लॅबवाल्याला नक्की घेऊन या, त्याच्याशिवाय येऊ नका.

गिरणाकाठ

श्रावणाचं पक्कं. तोवर ताई प्रोव्हिजनलचं बघतील, धुळेकर मॅडमशी बोलेल, वाट्याचा कागद शिरपूरवाले दादा मसुदा करून इथेच टाकतील का? आबा, हरण्याचं मी विसरलो नाही, त्यासाठी रोगनिदानावर काम करणारं कुणी वाचत असेल तर खाली लिहा. टिश्यू कल्चरच्या दोन नर्सरीवाल्यांशी मी बोलून ठेवतो.